फी माफ, खर्च शिल्लक

बीदर जिल्ह्याला उत्तरेकडून आणि पश्चिमेकडून महाराष्ट्राचे देगलूर, उदगीर, निलंगा, उमरगा हे तालुके लागून आहेत. पूर्वेकडून तेलंगणातले जहीराबाद आणि नारायणखेड. दक्षिणेला कलबुर्गी जिल्हा, त्यातला आळंद तालुका अक्कलकोटला भिडलेला. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत यातला बहुतेक मुलूख हैदराबाद राज्यात होता; उदगीर आणि निलंगा तर बीदर जिल्ह्याचेच तालुके. राज्यं तीन झाली, पण सोयरिकी आणि बाजार तुटले नाहीत. भालकी-औरादकडची मराठी घरं मुलांच्या शिक्षणासाठी आजही उदगीर-लातूरकडे बघतात, आणि काम शोधायला हैदराबाद गाठतात. कॉलेजची फी सरकारने भरावी का, भरली तर तिची खरी किंमत कोण मोजतं, हा प्रश्न या पट्ट्यात तपासण्यासारखा आहे. कारण फीमाफीच्या तीन सरकारांच्या तीन तऱ्हा इथे एकमेकींच्या शेजारी उभ्या आहेत.

महाराष्ट्राची तऱ्हा फी परत करण्याची. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ झाली. आधी ही सवलत निम्मी होती. वाढीव बोजा सरकारनेच सुमारे ९०६ कोटी रुपये सांगितला. प्रवेश मात्र कॅपच्या (केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या) फेरीतून झालेला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही.

तेलंगणाची तऱ्हा एकत्रित आंध्रातून आलेली. वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या काळात, २००८ च्या सुमारास, खासगी कॉलेजांची फी सरकारने भरायची योजना आली. इंजिनिअरिंगला साधारण ३५,००० रुपयांची मर्यादा, वरच्या रँकवाल्यांना पूर्ण फी.

कर्नाटक खासगी फी इतक्या सढळपणे भरत नाही. ते सरकारी जागांची फी कमी ठेवतं, सरकारी पदवी कॉलेजांत मुलींची शिकवणी फी घेत नाही आणि फीच्या बाहेरची मदत वेगवेगळ्या वाटांनी देतं. हॉस्टेल न मिळालेल्या मागासवर्गीय मुलांना विद्यासिरीतून महिन्याला १,५०० रुपये, तेही वर्षाचे दहा महिने. शेतकऱ्यांच्या मुलांना रयत विद्यानिधी: पदवीला मुलग्यांना ५,००० आणि मुलींना ५,५०० रुपये. जून २०२३ पासून शक्ती योजनेत महिलांना राज्यातल्या साध्या बसचा प्रवास मोफत. आणि हैदराबाद-कर्नाटक (आताचं कल्याण कर्नाटक) भागासाठी घटनेचं कलम ३७१ (जे), ज्याने या भागातल्या संस्थांत ७० टक्के आणि उरलेल्या राज्यातल्या संस्थांत ८ टक्के जागा इथल्या मुलांसाठी राखल्या.

या तिन्ही तऱ्हा शेजारी ठेवून पाहिल्या की माझं मत असं होतं: या भागातल्या गरीब घरासाठी कॉलेजच्या खर्चात शिकवणी फी हा सगळ्यात लहान आकडा आहे, आणि सरकारं सगळ्यात मोठ्या आवाजात तोच माफ करतात.

सरकारी डिग्री कॉलेजची पावती हातात घेऊन बघा. मुलीच्या पावतीवर शिकवणी फीच्या रकान्यात काही नसतं. त्याखाली प्रवेश, ग्रंथालय, क्रीडा, ओळखपत्र, विद्यापीठ नोंदणी, परीक्षा अशा ओळी चालू राहतात. त्याही फार मोठ्या नाहीत. मोठे आकडे पावतीवर येतच नाहीत. औरादच्या एखाद्या वाडीवरून बीदरला शिकायला यायचं तर रोज जाऊन-येऊन होत नाही. रूम घ्यावी लागते, मेस लावावी लागते किंवा दोघी-तिघींनी मिळून स्टोव्हवर करून खावं लागतं. पुस्तकं, झेरॉक्स, मोबाइलचं रिचार्ज, सणाला गावी जाणं. विद्यासिरीचे वर्षाचे १५,००० रुपये यातल्या खोलीभाड्याला आणि थोड्या जेवणाला पुरतात. तेही अर्ज मंजूर होऊन खात्यावर पडले तर, आणि ते जूनमध्ये लागतात तेव्हाच पडतील याची हमी नाही.

त्याहून मोठा आकडा कुठल्याच हिशेबात लिहिला जात नाही. अठरा वर्षांचं पोर कॉलेजात बसलं म्हणजे ते कामावर नाही. सोयाबीनच्या राशीला, तुरीच्या काढणीला, उसाला, हैदराबादच्या बांधकामावर त्याला रोज मिळाला असता. कर्नाटकात २०२५-२६ साठी रोजगार हमीचा दर दिवसाला ३७० रुपये ठरला. तो केवळ माप म्हणून घेऊ. वर्षातले २०० दिवस काम मिळालं असतं असं धरलं तर ७४,००० रुपये होतात, बी.ए.च्या तीन वर्षांत २ लाख २२ हजार. कोरडवाहू दोन-तीन एकरांच्या घराला एवढी रक्कम सोडून देणं म्हणजे काय, हे त्या घरालाच माहीत. फी माफ झाल्याची बातमी या रकमेला हातही लावत नाही. म्हणून नाव घातलेलं पोर दुसऱ्या सत्रात दिसेनासं होतं, आणि आपण म्हणतो, एवढी सवलत देऊनही यांना शिकायचं नाही.

आता पैसा येतो कुठून याकडे वळू. हा वाद मराठीत नवा नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं, त्यात त्यांचा मुख्य आक्षेप हाच होता: सरकारचा महसूल येतो कुणब्या-कष्टकऱ्यांच्या घामातून, आणि तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, कष्टकऱ्यांच्या पोरांना साधी गावातली शाळाही मिळत नाही. आज वर्गाची रचना बदलली आहे, आरक्षणाने आणि शिष्यवृत्त्यांनी कॉलेजची दारं कितीतरी रुंद केली आहेत. तरी आक्षेपाचा गाभा शाबूत आहे. साबण, चप्पल, सिमेंट घेणारा प्रत्येक माणूस कर भरतो, त्याचं पोर कॉलेजच्या दारापर्यंत पोचो वा न पोचो.

आणि किती पोचत नाहीत? २०२५ च्या एसएसएलसीच्या, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या, पहिल्या परीक्षेत दक्षिण कन्नड जिल्ह्याचा निकाल ९१.१२ टक्के लागला आणि कलबुर्गीचा ४२.४३ टक्के. राज्यात शेवटचा. पुढच्या फेरपरीक्षांत काही मुलं निघतात, पण पहिल्या प्रयत्नात निम्म्याहून जास्त मुलं अडकतात ही गोष्ट शिल्लक राहते. २०११ च्या जनगणनेत राज्याची साक्षरता ७५.३६ टक्के होती, बीदरची ७०.५१ आणि गुलबर्ग्याची (आताच्या कलबुर्गीची) ६४.८५. अशा जिल्ह्यात कॉलेज मोफत करण्यावर घातलेला रुपया दहावीची चाळण ओलांडलेल्या मुलांपर्यंतच जातो. ज्या मुलाला गणिताचा शिक्षकच मिळाला नाही, ज्याची शाळा तुरीच्या हंगामात रिकामी होते, त्याच्यापर्यंत तो जात नाही. आणि गणिताच्या शिक्षकाचा पगारही त्याच खजिन्यातून द्यायचा असतो.

कर्नाटकाने या प्रश्नाचा एक मोठा प्रयोग करून पाहिला आहे, आणि तो आता विसरला गेला आहे. १९८० च्या दशकात खासगी इंजिनिअरिंग आणि मेडिकल कॉलेजांचं डोनेशन एवढं वाढलं की १९८४ साली कॅपिटेशन फीबंदीचा कायदा करावा लागला. मग मोहिनी जैन खटला आला. तुमकूरच्या खासगी मेडिकल कॉलेजात सरकारी जागेला वर्षाला २,००० रुपये, कर्नाटकातल्या इतरांना २५,००० आणि परराज्यातल्यांना ६०,००० असा दर होता. १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही आकारणी बेकायदा ठरवली आणि शिक्षण हा हक्कच म्हटला. पुढच्याच वर्षी उन्नीकृष्णन खटल्यात न्यायालयाने योजना आखून दिली: निम्म्या जागा ‘फ्री सीट’, निम्म्या ‘पेमेंट सीट’. पेमेंट सीटवाल्याच्या पैशातून फ्री सीटवाल्याचा खर्च भागवायचा.

कागदावर हे न्यायाचं वाटतं. प्रत्यक्षात फ्री सीट गुणांवर मिळायची, आणि गुण मिळायचे चांगल्या शहरी शाळेत, ट्यूशन लावून शिकलेल्या मुलांना. दोन-चार मार्क कमी पडलेलं खेड्यातलं पोर जमीन गहाण टाकून पेमेंट सीट घ्यायचं आणि बेंगळुरूच्या अधिकाऱ्याच्या मुलाचा खर्च उचलायचं. ऑक्टोबर २००२ मध्ये टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ही योजना रद्द केली, तेव्हा हा उलटा भार त्यांनीही नोंदवला. फीमाफी कोणाला मिळते हे ठरवणारी फूटपट्टी आधीच्या शाळेत तयार होते. ती बदलल्याशिवाय वर फी शून्य केली तर पैसा खालून वर वाहतो. माझ्या मते या सगळ्या वादातला सगळ्यात महत्त्वाचा धडा हाच आहे, आणि तो याच राज्यातल्या मुलांनी मोजलेल्या किमतीतून मिळाला आहे.

शेजारच्या तेलंगणाचा धडा वेगळा. सरकार फी भरणार म्हटल्यावर एकत्रित आंध्रात इंजिनिअरिंग कॉलेजांची संख्या सातशेच्या वर गेली. पुढे त्यातली कितीतरी बंद पडली. योजनेमुळे घरातलं पहिलंच पोर इंजिनिअर झालं अशी हजारो घरं आहेत, त्यांचं मोल कमी लेखू नये. पण सरकारकडून पैसे वेळेवर सुटले नाहीत की संस्था प्राध्यापकांचा पगार थकवते, आणि मुलांची सर्टिफिकेटं अडकवून ठेवते. नोव्हेंबर २०२५ मध्ये थकबाकीसाठी तिथल्या खासगी कॉलेजांनी बंदच पुकारला. महाराष्ट्रातही शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा आली की कॉलेज आधी पालकांकडे हात पसरतं. फी मुलीने भरायची नाही असं सरकार म्हणतं, तेव्हा ती कधी येणार हा प्रश्न संस्थेच्या डोक्यावर जातो, आणि संस्थेला तो कुठेतरी उतरवावाच लागतो: प्रयोगशाळेत, ग्रंथालयात, नाहीतर शिक्षकाच्या नेमणुकीत.

शिक्षकाच्या नेमणुकीत तो आधीच उतरला आहे. कर्नाटकातली सरकारी पदवी कॉलेजं आज गेस्ट लेक्चररवर चालतात. राज्यभर त्यांची संख्या दहा हजारांहून अधिक आहे. सत्र संपलं की नेमणूक संपते, पुढच्या सत्राला पुन्हा अर्ज. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस कायम करण्याच्या मागणीसाठी त्यांनी वर्ग सोडले आणि आंदोलन जानेवारीपर्यंत चाललं. ज्या कॉलेजांत फी जवळजवळ नाही, तिथल्या मुलांचे ते आठवडे रिकामे गेले. बेंगळुरूच्या खासगी कॉलेजात भरपूर फी भरणाऱ्या मुलाचा एक तासही बुडाला नाही. औराद किंवा आळंदसारख्या ठिकाणी याचा अर्थ आणखी कडक होतो. कायम प्राध्यापकाची बदली शहराकडे होते, जागा रिकामी राहते, आणि विज्ञानाचा विषय शिकवायला माणूस मिळाला नाही तर मुलं कला शाखेकडे वळतात. स्वस्त कॉलेजची किंमत अशी शिकण्यातून वजा होते.

विद्यापीठांचीही तीच कथा. २०२२ मध्ये कर्नाटकाने जिल्ह्याजिल्ह्यात नवी विद्यापीठं काढायचा कायदा केला. गुलबर्गा विद्यापीठापासून वेगळं होऊन बीदर विद्यापीठ उभं राहिलं. नव्या विद्यापीठांना पैसा आणि माणसं जेमतेम मिळाली. फेब्रुवारी २०२५ मध्ये उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांच्या अध्यक्षतेखालच्या उपसमितीने नव्या दहापैकी नऊ विद्यापीठं बंद करावीत असं सुचवलं. बीदरचं मात्र, संलग्न कॉलेजं जास्त म्हणून, ठेवावं असं ठरलं. ज्या राज्यात शक्तीसारख्या गॅरंटी योजनांवर वर्षाला ५०,००० कोटींहून अधिक खर्च होतो तिथे विद्यापीठ चालवायला पैसे नाहीत, हे ऐकून अनेकांना राग आला. मला मात्र एकाच बाजूवर रागावता येत नाही. शक्ती योजनेच्या मोफत बसने या भागातल्या मुलींना कॉलेजपर्यंत नेण्यात फीमाफीपेक्षा जास्त काम केलं असेल असं मला वाटतं. मोफत बस आणि विद्यापीठ, दोन्ही खर्च योग्यच आहेत; ते एकाच तिजोरीतून निघतात आणि एकाला दिलेलं दुसऱ्याकडून काढलेलं असतं, एवढं मान्य करून निवड करायला हवी.

युवानिधी या दुसऱ्या गॅरंटी योजनेचंही तसंच. पदवी घेऊन १८० दिवस नोकरी न मिळालेल्याला महिन्याला ३,००० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षं. ही मदत गरजेची आहे. पण पदवी मोफत देऊन मग पदवीधराला बेकारीचा भत्ता द्यावा लागतो, तेव्हा पदवीत काय शिकवलं जातंय याकडे आधी बघायला हवं.

आता फीमाफीच्या बाजूचं सगळ्यात वजनदार कारण. ते मुलींचं आहे. गरीब घरात मुलाची फी ही पुढे फिटणारी रक्कम समजली जाते, मुलीची फी सासरी जाणारी. बाप वाईट असतो असं नाही. हंड्यात तांदूळ मोजणारा माणूस असाच हिशेब करतो. फी शून्य झाली की नकाराचं सगळ्यात सोपं कारण निघून जातं, आणि तीन वर्षं लग्नाचा विषय लांबवायला मुलीच्या हातात काहीतरी येतं. शिवाय सगळ्या मुलींना सरसकट माफी दिली की उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलच्या चकरा वाचतात. दाखला मागणारी प्रत्येक योजना जास्त गरजू माणसालाच जास्त छळते, कारण कागद गोळा करायला रोज बुडवावा लागतो. त्यामुळे मुलींच्या फीमाफीच्या मी ठामपणे बाजूने आहे. फक्त तिच्या आधी हॉस्टेलची खोली हवी, एवढंच माझं म्हणणं आहे.

हा क्रम आपल्याच परंपरेतला आहे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा आदेश काढला, पण त्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, त्यांनी वेगवेगळ्या समाजांची बोर्डिंगं उभी केली. खेड्यातल्या मुलाला शहरात राहायला आणि जेवायला मिळालं की फी आपोआप जुळते, हे त्यांनी ओळखलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात १९२४ मध्ये बोर्डिंगच काढलं, तिथली मुलं काम करून शिकली. या सीमाभागातही तेच दिसतं. भालकीच्या हिरेमठाचे डॉ. चन्नबसव पट्टदेवरू निजामी अमलात बाहेर उर्दू पाटी लावून आत कन्नड शिकवत. खेड्यातल्या मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय मठाने उचलली. कलबुर्गीतल्या शरणबसवेश्वरांच्या दासोहाची, म्हणजे अन्नदानाची, परंपरा आणि तिथल्या शिक्षणसंस्था एकाच मुळातून वाढल्या. मराठी घरांसाठी त्याच काळात गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय होतं. उस्मानिया विद्यापीठाचं माध्यम उर्दू असलेल्या राज्यात मातृभाषेत शिकण्याची ती एक जागा होती. या सगळ्यांनी सुरुवात जेवणापासून, निवाऱ्यापासून किंवा भाषेपासून केली. फी हा विषय त्यांच्याकडे नंतर आला.

परदेशातले अनुभवही फार वेगळे नाहीत. स्कॉटलंडने आपल्या मुलांची फी माफ केली, पण खर्च आवरायला त्यांच्या जागांवर मर्यादा घातली. चिलीने २०१६ मध्ये गरीब निम्म्यासाठी विद्यापीठ मोफत केलं, पण अभ्यासक्रमाच्या ठरलेल्या वर्षांपुरतंच. ज्याला एक वर्ष जास्त लागलं, आणि ते बहुधा कच्च्या शाळेतून आलेल्यालाच लागतं, त्याची सवलत संपते. किंमत कुठेतरी येतेच. कुठे जागेत, कुठे वेळेत.

सीमाभागात मात्र आणखी एक किंमत आहे, जी फक्त इथेच मोजावी लागते, ती कागदाची. महाराष्ट्राचा व्यावसायिक प्रवेशाचा नियम वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांना ‘टाइप ई’ म्हणून महाराष्ट्राचे उमेदवार मानतो. कर्नाटकाचा नियम सोलापूर-अक्कलकोटकडच्या कन्नड मुलांना ‘गडीनाडू कन्नडिग’ म्हणून आपले मानतो. दोघांनीही दार ठेवलं आहे, ही चांगली गोष्ट. पण प्रवेशाचं प्रमाणपत्र वेगळं, फीमाफीसाठीचं अधिवास प्रमाणपत्र वेगळं, जातीचा दाखला कुठल्या राज्याचा चालतो हा प्रश्न वेगळा, आणि ३७१ (जे)चा दाखला त्याहून वेगळा. त्यासाठी या भागातला जन्म किंवा दहा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. मूल लातूरला अकरावी-बारावी करायचं ठरवतं तेव्हा ते नकळत एका राज्याची सवलत सोडून दुसऱ्याकडे हात करत असतं, आणि हे सांगणारं त्याच्या गावात कुणी नसतं. सुशिक्षित घराला हे नियम ठाऊक असतात. ज्याला नसतात तो फी भरून मोकळा होतो.

कल्याण कर्नाटक प्रदेश विकास मंडळाला अलीकडच्या अर्थसंकल्पांत वर्षाला ५,००० कोटींची तरतूद आहे. मंडळाने शाळांसाठी ‘अक्षर आविष्कार’ हाती घेतलं आहे. त्याच पैशातून भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद आणि आळंदमध्ये कॉलेजच्या मुलींची हॉस्टेलं, आणि विज्ञानाच्या प्राध्यापकांना पाच वर्षं तिथेच राहण्यासाठी वाढीव पगार, ही पहिली कामं व्हावीत. फीमाफी वाढवायची तर त्यानंतर. आणि एक लहान काम दोन राज्य परिवहन महामंडळांनी मिळून करावं. शक्ती योजनेची सवलत कर्नाटकाच्या आतल्या प्रवासापुरती आहे आणि महाराष्ट्राच्या एसटीतली महिलांची अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्रापुरती. भालकीहून उदगीरला किंवा आळंदहून अक्कलकोटला शिकायला जाणाऱ्या मुलीला सीमेच्या दोन्ही बाजूंना चालणारा एक विद्यार्थी पास द्यावा. सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून चाललेल्या सीमादाव्याचा निकाल लागेपर्यंत त्यासाठी थांबायची गरज नाही. दोन महामंडळांच्या करारावर सह्या झाल्या की पुढच्या जूनपासून तो पास चालू होऊ शकतो.